जर्मनीतील दोन घरे आणि एक स्वयंसेवा-वर्ष

जर्मनीतील स्वयंसेवा-वर्षासाठी माझी निवड झाल्यावर हाती आलेल्या कागदांत कामाच्या ठिकाणाची माहिती जेमतेम पानभर होती. ज्या कुटुंबात मला राहायचे होते त्याची माहिती मात्र कितीतरी पाने व्यापून होती. घरात माणसे किती, मुलांची वये काय, कुत्रा-मांजर आहे का, कोणी सिगारेट ओढते का, स्वयंपाकघरात मांस शिजते का, स्वयंसेवकाची खोली कोणत्या मजल्यावर आहे आणि तिला आतून कडी लावता येते का, इथपर्यंतचे तपशील त्यात होते. त्या वेळी मला हे प्रमाण उलटे वाटले होते. आता ते योग्यच होते असे माझे मत आहे, कारण कामाचे तास ठरलेले असतात, उरलेला सगळा वेळ घराचा असतो, आणि वर्ष बरे गेले की वाईट हे बहुतेक वेळा त्या उरलेल्या वेळातच ठरते.

आधी योजनेविषयी थोडे सांगायला हवे. जर्मनीत (सुरुवातीला पश्चिम जर्मनीत) १९६१ पासून सक्तीच्या लष्करी सेवेला पर्याय म्हणून नागरी सेवा होती आणि रुग्णालये, वृद्धाश्रम, दिव्यांगांच्या संस्था यांना तिच्यातून दरवर्षी तरुण हात मिळत असत. २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित झाली तेव्हा हा ओघ थांबला, आणि ती पोकळी भरण्यासाठी त्याच वर्षी ‘बुंडेसफ्रायविलिगनडिन्स्ट’ ही संघराज्य सरकारची स्वयंसेवा योजना सुरू झाली, जिच्यात परदेशी नागरिकांनाही सामील होता येते. दुसरीकडे, जर्मनीच्या विकास-सहकार्य मंत्रालयाचा ‘वेल्टव्हेर्ट्स’ हा कार्यक्रम २००८ पासून जर्मन तरुणांना आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत पाठवीत होता. २०१३ पासून त्याची उलट दिशाही खुली झाली. मी २०२३च्या सप्टेंबरमध्ये गेले ती या उलट दिशेने. स्वयंसेवकाला पगार नसतो. हातखर्चाला रक्कम मिळते आणि तिची कमाल मर्यादा कायद्याने बांधलेली असते, विम्याचे हप्ते संस्था भरते, राहण्या-जेवणाची सोय होते, आणि वर्षातले पंचवीस दिवस शिबिरांसाठी राखलेले असतात.

“तिकडे काय कमी आहे म्हणून इथून मदतीला जायचे?” हा प्रश्न आमच्याकडे घरोघरी विचारला गेला. त्यावर माझ्याजवळ एक तयार उत्तर होते. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा पिअर सेरेसोल हे स्विस गृहस्थ आपले काही सहकारी घेऊन तिथे आले आणि गावे पुन्हा उभारण्यासाठी त्यांनी अंगमेहनत केली. ते इकडे येऊ शकतात तर मी तिकडे का नाही, असे मी म्हणत असे. माझ्या आत्याला हे उत्तर मुळीच पटले नाही. तिच्या मते भूकंप झाला असता तर गोष्ट वेगळी होती.

पुण्यात मॅक्सम्युलर भवनातून मी बी-वन, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत जर्मन शिकले होते. अर्ज, व्हिडिओवरची मुलाखत, पोलिसांचा दाखला, मुंबईतली व्हिसाची प्रक्रिया यांत काही महिने गेले. ते सारे कंटाळवाणे होते पण अवघड नव्हते. त्या सगळ्यात मला खरी मेहनत पडली ती यजमान कुटुंबाला लिहायच्या पत्राची. स्वतःची ओळख करून देणाऱ्या या पत्रावरूनच कुटुंब होकार देते. मी अंडी खाते पण मांस-मासे खात नाही, मला पोहता येत नाही, मला सकाळी लवकर जाग येते, आणि मला एकटीने बसायला आवडते, अशी चार वाक्ये मी धीर करून लिहिली. यांतले शेवटचे वाक्य काढून टाक, माणूसघाणी वाटशील, असा आईचा आग्रह होता. मी ते ठेवले आणि पुढे तेच सर्वांत उपयोगी पडले.

माझे काम दक्षिण जर्मनीतील रॉयटलिंगेन शहराजवळ, दिव्यांगांच्या एका कार्यशाळेत होते आणि घर तिथून बसने वीस मिनिटांवरच्या खेड्यात. खेडे म्हटले तरी डांबरी रस्ता, बेकरी, बँक, फुटबॉलचे मैदान आणि दर अर्ध्या तासाला बस. मागे श्वेबिशे आल्ब या डोंगररांगेचा कडा दिसतो आणि शहराच्या बाजूला आखाल्म हा सुटा, टोकदार डोंगर. स्टेशनवर पहिले यजमान कुटुंब माझ्या नावाची पाटी घेऊन उभे होते. पाटी मुलांनी रंगवली होती आणि माझ्या नावात एक अक्षर जास्त पडले होते.

हे कुटुंब तरुण होते. आई, वडील, पाच वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. त्यांनी मला इतक्या प्रेमाने घरात घेतले की पहिल्या संध्याकाळी मला रडू आले. “हे घर तुझेच समज, आमच्याकडे काही नियम नाहीत,” असे त्या बाईंनी सांगितले. दोनच दिवसांत त्या मला गावच्या कार्यालयात नोंदणीला घेऊन गेल्या. जर्मनीत नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. त्या नोंदणीवर पुढचे सगळे अवलंबून असते: बँकेचे खाते, कर-क्रमांक, विमा, निवास-परवान्याचे कार्ड. नोंदणी झाली की काही आठवड्यांनी रेडिओ-दूरदर्शनच्या शुल्काचे एक गंभीर चेहऱ्याचे पत्र येते आणि नवखा माणूस घाबरतो. हे शुल्क माणशी नसून घरटी असते, तेव्हा महिन्याला १८.३६ युरो होते, आणि घरातले कोणी ते आधीच भरत असेल तर त्यांचा क्रमांक कळवला की पुरते. असल्या गोष्टी कुठल्या पुस्तिकेत शोधत बसण्यापेक्षा जेवणाच्या टेबलावर विचारता येतात, आणि यजमान कुटुंबाचा हा उपयोग मला कौतुकाच्या इतर सगळ्या गोष्टींपेक्षा मोठा वाटतो.

“नको” म्हटले की तिकडे खरोखरच ताट उचलले जाते, याविषयी सगळेच लिहितात, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला जी अडचण आली ती वेगळी होती. ‘नियम नाहीत’ याचा अर्थ हळूहळू असा होत गेला की काय अपेक्षित आहे ते कोणीच बोलत नाही. मी कामावरून साडेचारला परतत असे. तेव्हाच मुलेही घरी आलेली असत, त्यांची आई संगणकासमोर असे, वडील पाळीवर असत. मुले माझ्याकडे धावत येत आणि मी त्यांच्याशी खेळत असे. पहिल्या महिन्यात हे खेळणे होते. दुसऱ्या महिन्यात मी घरी नसले की फोन येऊ लागला. तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला मुलांना जेवू घालणे, दात घासून घेणे आणि झोपवणे ही आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी माझी जबाबदारी झाली होती, आणि ती कधी झाली हे कोणालाही सांगता आले नसते. “तू घरी आहेसच ना,” एवढेच वाक्य त्यासाठी पुरत होते.

मुलांना सांभाळण्यासाठी परदेशी तरुण-तरुणींनी कुटुंबात राहण्याची वेगळी, अधिकृत पद्धत जर्मनीत आहे. तिला ओ-पेअर म्हणतात, तिचे नियम ठरलेले आहेत आणि आठवड्याला तीस तासांची कमाल मर्यादा आहे. स्वयंसेवक म्हणजे ओ-पेअर नव्हे, हे निवडीच्या वेळीच आम्हाला स्पष्ट सांगितलेले असते. पण प्रेमाने वागवणाऱ्या माणसांना हे ऐकवायचे कसे? आपल्याकडे मावशीकडे राहायला गेलेली मुलगी मावशीच्या पोरांना जेवू घालते, त्यात वेगळे काही नसते. मोबदल्यात तिला मावशी मिळते. इथे ती माणसे चांगली होती, मुले गोड होती, आणि मी रात्री नऊला खोलीत जाऊन जर्मनचे पुस्तक उघडले की पहिल्याच पानावर डोळे मिटत होते.

प्रत्येक स्वयंसेवकाला एक संपर्क-व्यक्ती नेमून दिलेली असते, जिचा कामाच्या संस्थेशीही संबंध नसतो आणि यजमान कुटुंबाशीही नसतो. ही रचना फार विचाराने केलेली आहे असे मला वाटते. मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी सहानुभूतीचे शब्द फारसे वापरले नाहीत. कोणत्या दिवशी किती वेळ मुले माझ्याकडे असतात ते आठवडाभर लिहून ठेव, एवढेच सांगितले. मग त्या घरी आल्या. टेबलावर कॉफी होती, प्लमचा केक होता. त्यांनी सुरुवातीलाच दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार पुढे ठेवला आणि माझ्या टिपणातले तास वाचून दाखवले. ते आकडे ऐकून त्या बाई खरोखर दचकल्या. गावच्या बालवाडीत शिक्षक कमी पडत होते, म्हणून दुपारचे तास कापले होते, नोकरीचे तास कापता येत नव्हते, आणि माझ्या येण्याने मधली फट बुजली होती. यात लबाडी कुठेच नव्हती. त्यांना मदतीची गरज होती आणि ती मी नव्हते, हे दोन्ही एकाच वेळी खरे होते. तासाभराच्या बोलण्यानंतर मी घर बदलावे असे ठरले. त्यात कोणी रागावले नाही, ही गोष्ट मला कळायला वेळ लागला. आमच्याकडे अशी बैठक झाली असती तर पुढच्या पाच लग्नांत एकमेकांना टाळावे लागले असते. पुढे वर्ष संपेपर्यंत मी मुलांना भेटत राहिले, आधी वेळ ठरवून, आणि खेळण्यापुरतीच.

दुसरे घर त्याच भागातल्या दुसऱ्या गावात होते. तिथल्या जोडप्याला मी या लेखात काका-काकू म्हणते. समोर मी त्यांना नावानेच हाक मारत असे, कारण त्यांनी तसे पहिल्याच दिवशी सांगितले, पण आईशी फोनवर बोलताना ते काका-काकूच होते. काका यंत्रकामाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, काकू ग्रंथालयात अर्धवेळ जात. वरच्या मजल्यावर काकांची आई, नव्वदीला टेकलेली, सगळ्यांची ओमा, म्हणजे आजी. तळमजल्यावर एक भाडेकरू.

मी बॅगा ठेवून खाली आले तेव्हा काकूंनी माझ्यापुढे छापलेला एक कागद ठेवला. डाव्या बाजूला त्यांच्या अपेक्षा होत्या. संध्याकाळचे जेवण साडेसहाला. येणार नसल्यास दुपारी बारापर्यंत कळवावे. कपडे धुण्याचे यंत्र मंगळवारी आणि शनिवारी. सकाळी उठल्यावर खोलीच्या खिडक्या दहा मिनिटे सताड उघडाव्यात, हीटर बंद करून. किल्ली हरवल्यास ताबडतोब सांगावे, कारण सगळ्या इमारतीची कुलपे एकाच संचातली आहेत. पाहुणा आणायचा असल्यास आदल्या दिवशी विचारावे. उजव्या बाजूला मी त्यांच्याकडून काय अपेक्षा करू शकते ते होते. खोलीत दार वाजवल्याशिवाय कोणी येणार नाही. सरकारी पत्रे वाचायला मदत मिळेल. रविवारी कुठल्याही कार्यक्रमाला येण्याची सक्ती नाही. “तू पत्रात लिहिले होतेस की तुला एकटीने बसायला आवडते, म्हणून हे घातले,” असे काकू म्हणाल्या. आणि खाली काही ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या, माझ्या अपेक्षांसाठी.

मी कागद तसाच सही करून परत दिला. त्यांनी तो पुन्हा माझ्याकडे सरकवला आणि त्या स्वयंपाकाला लागल्या. लिहिल्याशिवाय सुटका नव्हती. शेवटी मी तीन गोष्टी लिहिल्या: आठवड्यातून एकदा मी स्वयंपाक करीन, रविवारी सकाळी घरी फोन करताना मोठ्याने बोलले जाईल, हिवाळ्यात भारताचे घड्याळ साडेचार तास पुढे असल्याने ती वेळ बदलता येणार नाही, आणि माझ्या जर्मनमधल्या चुका जेवताना कोणी सुधारू नयेत, नंतर सुधाराव्यात. काकूंनी ते वाचले, मान डोलावली आणि कागद फ्रिजवर लावला.

आईला हे कळले तेव्हा ती चांगलीच दुखावली. “पोरीला घरात ठेवून घ्यायचे आणि वर नियमांचा कागद हातात द्यायचा? वसतिगृह आहे का ते?” वडील बँकेत होते. त्यांनी कागदाचा फोटो मागवून घेतला, दोनदा वाचला आणि इतका स्वच्छ कागद आपण चाळीस वर्षांत पाहिला नाही असे सांगितले. माझे स्वतःचे मत त्या दिवशी आईकडे झुकणारे होते. ते बदलले ते महिन्याभरात, आणि कारण अगदी साधे होते: साडेसहानंतर भांडी आवरली की माझा वेळ माझा होता, आणि त्या वेळात मी स्वतःहून खाली जाऊन बसू लागले. पहिल्या घरात मी दिवाणखान्यात जायला घाबरत असे, कारण गेले की काम लागत असे. इथे काही देणे उरलेले नसे, म्हणून बसावेसे वाटे. व्यवहार चोख ठेवला की माया आटते असे आपण गृहीत धरतो. मला त्या घरात नेमके उलटे दिसले.

त्या भागाची एक खासियत म्हणजे केअरवोखे, म्हणजे सफाईची आठवडापाळी. इमारतीतल्या प्रत्येक घराकडे आळीपाळीने एक लाकडी पाटी दारावर टांगली जाते. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना, अंगण आणि पदपथ झाडायचा. लोक याचा उगम थेट १४९२च्या स्टुटगार्टच्या नगर-नियमावलीपर्यंत नेतात, जिच्यात दर आठवड्याला घाण बाहेर नेण्याचा हुकूम होता. पाचशे वर्षांचे मला माहीत नाही, पण ओमाचे डोळे त्या पाटीवर असत हे नक्की. काका-काकूंची पाळी आली की त्यातला जिना माझ्या वाट्याला येई. बर्फ पडला की पदपथ मोकळा करणे हे हौसेचे काम राहत नाही, ते कायद्याने करावे लागते आणि सकाळी लवकर करावे लागते. कोणी घसरून पडले तर जबाबदारी घरवाल्यांची. फावडे घेऊन अंधारात बर्फ लोटताना शेजारच्या आजोबांनी मला पहिल्यांदा आपणहून नमस्कार केला. त्याआधी कितीतरी दिवस मी त्यांना रोज हसून दाखवत होते आणि ते नुसते बघत होते.

जेवणाचे म्हणाल तर संध्याकाळी गरम स्वयंपाक क्वचितच होई. पाव, चीज, लोणच्यातली काकडी, मुळा, कधी उकडलेली अंडी. लाकडी पाटावर ठेवायचे आणि सुरीने कापून खायचे. याची सवय व्हायला मला पोटापेक्षा मनाला जास्त वेळ लागला. शनिवारी दुपारी मात्र श्पेट्सले आणि मसूर असत. श्पेट्सले म्हणजे अंडी घातलेल्या सैल पिठाचे उकडलेले आखूड तुकडे, आणि त्यांच्यावर घट्टसर मसूर. काकू ते कसे करत ते मी अनेकदा उभी राहून पाहिले: कांदा लोण्यात परतायचा, त्यात थोडे पीठ खमंग भाजायचे, शिजलेला मसूर घालायचा, आणि अगदी शेवटी, पानात वाढण्याआधी, व्हिनेगर. त्या आंबटपणाने पहिल्याच घासाला मला घरच्या आमटीतल्या आमसुलाची आठवण झाली. बाकीच्यांच्या पानात बरोबर सॉसेज असे, माझ्या पानात नसे, आणि मसूर माझ्यासाठी डुकराच्या मांसाचा तुकडा न घालता वेगळ्या पातेल्यात शिजे. याविषयी एकदा ठरले ते ठरले, पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

माझ्या स्वयंपाकाचा वार गुरुवार होता. फोडणीच्या वेळी दिवाणखान्याचे दार बंद आणि खिडकी उघडी, असे काकांनी ठरवले. हिंगाची डबी आधी दुसऱ्या डब्यात, मग त्याहून मोठ्या डब्यात आणि शेवटी बाल्कनीत गेली. पिठले त्यांना जमले नाही. थालीपिठावर मात्र काका इतके खूश झाले की त्यांनी राय, बार्ली आणि डाळीचे पीठ मिसळून स्वतःची भाजणी तयार केली, आणि ती बरी होती.

जानेवारीत, सहा तारखेच्या सणानंतरच्या गुरुवारी, रॉयटलिंगेन परिसरात मुत्शेल नावाचा तारेच्या आकाराचा पाव जिंकण्यासाठी घरोघरी आणि हॉटेलांतून फासे खेळतात. खेळांना ‘बदकाची लांब शीट’ अशी नावे आहेत आणि नियम दर घरी वेगळे. त्या रात्री माझा स्वयंपाकाचा वार बुडाला, ओमाने सलग चार पाव जिंकले आणि ती फसवते असा आरोप तिच्या मुलाने उघडपणे केला. मी त्या दिवशी प्रथमच त्या घरात कोणाला दुसऱ्याचे बोलणे तोडताना पाहिले.

कामाविषयी मी थोडक्यातच लिहिते. अशा कार्यशाळांतून जर्मनीत सुमारे तीन लाख दिव्यांग व्यक्ती काम करतात. त्यांना मिळणारा मोबदला फार थोडा असतो आणि त्यावर तिकडे बरीच टीका होते, जी मला रास्त वाटते. आमच्या गटात स्क्रू मोजून पाकिटात भरणे, लहान सुटे भाग जुळवणे अशी कामे चालत. माझ्याकडे चाकाची खुर्ची ढकलणे, जेवताना मदत करणे आणि फिरायला नेणे ही कामे होती. अडचण भाषेची होती, कारण तिथे सगळे श्वेबिश बोलीत बोलत आणि मी पुण्यात शिकलेली जर्मन त्यांना बातम्यांसारखी वाटे. ही बोली मला ओमाने दिली. तिला दुसरी भाषा येतच नव्हती. दुपारी तिच्या खोलीत बसून बटाटे सोलताना मी जे शिकले त्यामुळे वसंतापर्यंत गटातले लोक माझ्याशी विनोद करू लागले, आणि विनोद कळला की काम निम्मे हलके होते. कुटुंबात न राहता एखाद्या खोलीत एकटी राहिले असते तर हे घडले नसते.

ओमाच्या कपाटावर एक जुनी डबी होती, तिच्यात लहानपणी ती मिशनसाठी नाणी टाकत असे. कोणते मिशन, असे विचारल्यावर तिने स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या ख्रिस्ती मिशनचे नाव घेतले. माझे आजोळ कुडाळजवळ आहे आणि त्या घरावर मंगलोरी कौले आहेत. मंगलोरला कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशननेच काढला होता, आणि त्या मिशनचे कितीतरी प्रचारक याच व्युर्टेम्बर्ग प्रदेशातून गेलेले. मामाने पडवीवरच्या एका फुटक्या कौलाचा फोटो पाठवला. त्यावर मिशनचे नाव उमटलेले स्पष्ट दिसत होते. ओमाने भिंगाने ते वाचले आणि आपल्या नाण्यांतले एखादे त्यात गेले असेल का, असे विचारले. मी हो म्हटले. हिशेब जुळत नव्हता, कारण कौल तिच्या जन्माच्या आधीचे असणार, पण ती खूश झाली.

मेमधल्या शिबिरात आम्हाला ग्राफेनएकला नेले. हे ठिकाण आमच्याच जिल्ह्यात, डोंगरावर, तासाभराच्या अंतरावर आहे. १९४० साली, जानेवारी ते डिसेंबर या काळात, नाझी राजवटीने तिथे १०,६५४ दिव्यांग आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूने ठार मारले. त्यांना संस्थांमधून करड्या बसगाड्यांनी आणले जाई, आणि नातेवाइकांना मृत्यूचे खोटे कारण लिहिलेले पत्र पाठवले जाई. आज तिथे स्मारक आहे, आणि त्याच आवारात दिव्यांगांचे निवासस्थानही आहे. ज्यांच्या खुर्च्या मी रोज ढकलत होते, त्या माणसांकडे दुसऱ्या दिवशी बघताना मला बोलणे सुचेना.

त्या संध्याकाळी मी जेवताना कुठे गेले होते ते सांगितले. काका गप्प झाले. ओमा सावकाश पाव कापत राहिली आणि मग म्हणाली की तिच्या आईची एक चुलतबहीण अशीच गेली. पत्रात फुप्फुसाचा दाह लिहिले होते, आणि घरात कोणाचाही त्यावर विश्वास बसला नव्हता, पण बोलले कोणी नाही. काकांना हे ठाऊक नव्हते. सत्तरीचा माणूस आपल्या आईला ती बहीण कोण, तिचे नाव काय, असे एकेक प्रश्न विचारत होता आणि मी तिथे बसावे की उठावे हे मला कळत नव्हते. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणून मी बसले. पुढच्या आठवड्यात काका स्मारकाच्या कार्यालयात नाव शोधायला गेले.

यजमान घरात परक्याने किती आत जावे, याचे उत्तर कुठल्याही करारात लिहिता येत नाही. मी माझ्यापुरते असे ठरवले होते की त्यांच्या घरगुती बोलण्यात कोणाची बाजू घ्यायची नाही आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. वरचा प्रसंगही मी काकूंना विचारूनच लिहिला आहे.

ऑगस्टमध्ये आवराआवर सुरू झाली. देश सोडण्याआधी गावच्या कार्यालयात नोंदणी रद्द करावी लागते, आणि त्या कागदाशिवाय विमा, बँक, फोन यांचे करार बंद करताना त्रास होतो. म्हणून त्याच्या तीन-चार प्रती काढून ठेवाव्यात. कार्यशाळेने कामाचे प्रशस्तिपत्र दिले. महिन्याचे, तेव्हा ४९ युरोंचे, देशभर स्थानिक गाड्यांत आणि बसमध्ये चालणारे तिकीट वेळेत रद्द करायला काकांनी आठवण केली, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे गेले असते.

काकू पुढच्या स्वयंसेवकालाही घरी घेणार होत्या. पेरू देशातला एक मुलगा सप्टेंबरमध्ये येणार होता. त्यांनी फ्रिजवरचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि त्यात काय बदलायला हवे ते विचारले. मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, कोऱ्या ओळी पहिल्या दिवशी भरायला सांगू नयेत, महिन्याने सांगाव्यात, कारण आल्याआल्या माणसाला आपल्याला काय हवे ते कळत नाही. दुसरी, ओमाबरोबर आठवड्यातून एक दुपार, हे उजव्या बाजूला घालावे. काकूंनी पहिली सूचना लगेच लिहून घेतली. दुसरीसाठी त्या जिना चढून वर गेल्या, कारण ओमाला विचारल्याशिवाय ते लिहिता येणार नव्हते. ओमाने होकार दिला, मात्र बुधवार सोडून. बुधवारी तिचे केस करायला बाई येते.